आत्याचा अर्ज

घरापासून पाच तासांवरच्या अर्विंग शहरातल्या भारतीय दुकानात मी मेथीची जुडी हातात धरून स्वतःशीच पुटपुटले, "ही काय मेथी आहे, नुसते दांडके!" शेजारी उभ्या असलेल्या बाई एकदम वळल्या आणि माझ्याकडे बघतच राहिल्या. माझा चेहरा वडिलांवर गेलाय. गालांची हाडं, वेणी, सगळं चेरोकी, म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या एका जमातीचं. अशा चेहऱ्यातून नागपुरी मराठी बाहेर पडली की समोरच्याचा गोंधळ होतो. त्या बाई, म्हणजे शैलाकाकू, तिथल्या मराठी मंडळाचा दिवाळी अंक काढतात. मी आधी काय काम करत होते ते ऐकल्यावर म्हणाल्या, "अगं, हे लिहून दे मला. तू मराठी लिहितेस ना?"

लिहिते. पण बोलायला कोणी नाही. रविवारी आईला नागपूरला फोन असायचा. ती गेल्यापासून माझी मराठी फक्त भाजीशी.

तर मी सहा वर्षं ओक्लाहोमात चेरोकी जमातीच्या कौन्सिलवर निवडून आलेली सदस्य होते. आमच्या जमातीचं स्वतःचं सरकार आहे. स्वतःचं कोर्ट, पोलीस, दवाखाने, घरबांधणीचं खातं. कौन्सिल कायदे करते, बजेट पास करते. तुम्हाला सोपं करून सांगायचं तर जिल्हा परिषदेचा सदस्य आणि आमदार यांच्या मधलं काहीतरी. रुबाब मात्र दोघांपेक्षा कमी. माझा मतदारसंघ म्हणजे टेकड्या, ओढे, खडीचे रस्ते आणि प्रत्येक घरामागे न बांधलेला कुत्रा.

मी तिथे कशी पोचले, तेही थोडक्यात सांगते. आई नागपूरची, इंदोऱ्याची. बाबासाहेबांचा फोटो घेऊन अमेरिकेत आलेली नर्स. तिला 'इंडियन हॉस्पिटल'मध्ये नोकरी आहे म्हणून सांगितलं होतं. तिला वाटलं, चला, आपली माणसं असतील. आली तर इथले 'इंडियन' म्हणजे सगळे चेरोकी. त्यातल्याच एका ट्रक ड्रायव्हरशी तिने लग्न केलं. मी सहा वर्षांची असताना बाबा अपघातात गेले आणि आई मला घेऊन नागपूरला परतली. दहावी, बारावी, सगळं तिथेच. पण दर वाढदिवसाला ओक्लाहोमाहून एक कार्ड यायचं. त्यात दोनच ओळी आणि खाली सही, 'ओपल'. बाबांची थोरली बहीण. एकोणिसाव्या वर्षी मी कॉलेजसाठी परत आले, तेव्हा विमानतळावर तीच उभी होती. मी तिला आत्या म्हटलं. तिने अर्थ विचारला. सांगितल्यावर म्हणाली, "चालेल." तेव्हापासून ती ओपल आत्या. तिच्या तोंडून तो शब्द 'आट्या' असा यायचा.

आत्या शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. मूलबाळ नाही. टेकडीच्या पायथ्याशी तिचं जुनं ट्रेलर-घर होतं, पत्र्याचं. त्यात मी सहा वर्षं राहिले. पुढे नोकरी लागली, गावात घर घेतलं. लग्न झालं आणि मोडलंही. पण रविवारचं जेवण आत्याकडेच.

कौन्सिलवरची एक जागा मध्येच रिकामी झाली आणि उरलेल्या दोन वर्षांसाठी निवडणूक लागली. मी तेव्हा जमातीच्या आरोग्य खात्यात कागदपत्रं बघत होते. लोक म्हणाले, उभी राहा. मी आत्याला विचारलं. ती मक्याच्या पिठाची लापशी ढवळत होती. मान वर न करता म्हणाली, "तुला कुत्र्यांची भीती वाटते."

खरं होतं. प्रचार म्हणजे दारोदार. मग आत्याच माझ्याबरोबर यायला लागली. ती पुढे, हातात बिस्किटांची पिशवी, मी मागे पत्रकं घेऊन. प्रत्येक कुत्र्याचं नाव तिला माहीत. एका घरी एक नव्वदीची म्हातारी बसली होती. तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "तुझं कुळ कोणतं?"

आमच्यात कुळ आईकडून येतं. लांडगा, हरीण, पक्षी अशी सात कुळं आहेत. माझी आई नागपूरची. म्हणजे सरकारी ओळखपत्र माझ्याकडे आहे, वडिलांमुळे मतदानाचा हक्क आहे, पण कुळ नाही. आईला एकदा हे फोनवर सांगितलं होतं तर ती म्हणाली, "बरंच झालं की! आम्ही एवढं आयुष्य घालवलं जातीतून सुटायला." तिच्या बाजूने बरोबर होतं ते. पण त्या म्हातारीसमोर मी नुसतीच पत्रकं चाळत राहिले. आत्याच बोलली. म्हणाली, "ही माझी आहे." म्हातारीने मान हलवली आणि पत्रक घेतलं.

मी निवडून आले.

या कामाबद्दल बाहेरच्यांची कल्पना अशी असते की आम्ही पिसांचे मुकुट घालून काहीतरी गंभीर बोलतो. प्रत्यक्षात कौन्सिलरचं काम म्हणजे फोन. रस्त्यावर झाड पडलं, फोन. दवाखान्यात दातांची तारीख मिळत नाही, फोन. कोणी गेलं तरी पहिला फोन कुटुंबाला आणि दुसरा कौन्सिलरला. अंत्यसंस्काराला जायचंच, आणि रिकाम्या हाताने नाही. मी बटाट्याची भाजी करून न्यायची. मोहरी-हळद घातलेली. पहिल्या वेळी कोणी हात लावला नाही. दुसऱ्या वर्षी लोक विचारायला लागले, "तो पिवळा बटाटा आणलास का?"

लांबलांबच्या राज्यांतूनही फोन यायचे. गोड आवाजातली कुणीतरी सांगायची की तिची पणजी चेरोकी राजकन्या होती. आमच्यात राजे कधी नव्हतेच, तर राजकन्या कुठून येणार? मी शांतपणे सांगायची, "मॅडम, नोंदणीच्या जुन्या यादीत पूर्वजाचं नाव लागतं." मग एकच वाक्य यायचं, "पण माझ्या गालांची हाडं बघा ना!" फोनवर.

एक गृहस्थ दर महिन्याला ऑफिसात यायचे. त्यांना आपण डेलकाका म्हणू. तक्रार एकच होती. दफनभूमीचं फाटक नीट लागत नाही, गाई आत शिरतात. मी तीनदा अर्ज पुढे पाठवला, शेवटी शनिवारी स्वतः कडी विकत घेऊन बसवून आले. पुढच्या महिन्यात डेलकाका ठरल्या दिवशी हजर. मी म्हटलं, "काय झालं? कडी तुटली?" ते म्हणाले, "नाही. छान लागतं आता." आणि खुर्चीत बसून राहिले. अर्धा तास हवामानावर बोलले. जाताना "वाडो" म्हणाले, म्हणजे आभार. त्यानंतर मी महिन्यातून एक अर्धा तास डायरीत 'फाटक' म्हणून राखून ठेवायला लागले. सहा वर्षांत मी जे काही बरं केलं, त्यात हे मी सगळ्यात वर धरते.

आता मुख्य गोष्ट.

आत्याचं ट्रेलर-घर जुनं झालं होतं. न्हाणीघराची जमीन पाय ठेवला की दबायची. जमातीची वृद्धांसाठी एक योजना आहे. पडकं घर बदलून नवं छोटं घर देतात, पुढे पायऱ्यांऐवजी उतार, बाथरूममध्ये धरायला दांडे. अर्ज करायचा, वय, प्रकृती, घराची अवस्था यांवरून गुण मिळतात, त्याप्रमाणे यादीत नंबर लागतो. कौन्सिलरचा त्या यादीशी काही संबंध नसतो. पण हे कोणालाही पटत नाही. आधीच्या एका सदस्याच्या नातेवाइकांना घरं मिळाली असं लोक बोलायचे. खरं-खोटं मला माहीत नाही, पण त्या बोलण्यावर मी मतं मागितली होती. प्रत्येक सभेत सांगायची, "माझ्या घरच्यांसाठी वेगळी रांग नसेल."

निवडून आल्यावर महिन्याभरात आत्याने अर्ज आणला. निळ्या पेनाने सगळा भरून, फक्त सही बाकी. मी तो वरपासून खालपर्यंत वाचला.

मी म्हटलं, "आत्या, दोनच वर्षं थांबशील? माझी मुदत संपेपर्यंत? लोक म्हणतील, आली आणि पहिलं घर आत्याला."

तिने विचारलंसुद्धा नाही काही. अर्जाची घडी घातली, ओट्याच्या खणात ठेवली आणि म्हणाली, "बरं. भाकरी घे." ती मक्याच्या ब्रेडला माझ्याकडून शिकून भाकरीच म्हणायची.

दोन वर्षं गेली. पुन्हा निवडणूक, यावेळी पूर्ण चार वर्षांची. मी जिंकले. मी म्हटलं, "आत्या, अजून जरा..." ती म्हणाली, "बरं." न्हाणीघरात तिने प्लायवूड टाकून घेतलं होतं.

इथे मला एक गोष्ट कबूल करायची आहे. पूर्ण मुदतीच्या पहिल्याच वर्षी मी आमच्या कायदेशीर सल्लागाराला सहज म्हणून विचारलं होतं. त्याने नियम काढून दाखवला. कौन्सिलरचे नातेवाईक इतरांसारखाच अर्ज करू शकतात. कौन्सिलरने फक्त नातं लेखी जाहीर करायचं आणि त्या विषयापासून दूर राहायचं. एक पानाचा फॉर्म. त्याने तो माझ्या हातात दिला. मी तो बॅगेत टाकला आणि आत्याला सांगितलं नाही. नियम काय म्हणतो त्यापेक्षा दुकानाच्या रांगेत लोक काय म्हणतील, याची मला जास्त काळजी होती. त्याला मी प्रामाणिकपणा म्हणत होते. त्यासाठी लोक माझं कौतुकही करत होते, आणि ते मला आवडत होतं.

माझ्या मतदारसंघात ओढ्यावर एक सखल रस्ता होता. पाऊस झाला की पाणी वरून जायचं आणि पलीकडची मुलं शाळेला मुकायची. तिथे पूल व्हावा म्हणून मी तीन वर्षं मागे लागले होते. ज्या दिवशी त्यावर मतदान होतं, त्या दिवशी फोन सायलेंटवर होता. चर्चा लांबली. मध्ये पंधरा मिनिटं सुट्टी झाली. फोन पाहिला तर मिस्ड कॉलची रांग. त्यात तीन आत्याचे. मी मतदारांचे फोन आधी केले. एक पाण्याच्या पाइपचा, एक शाळेच्या बसचा, एक कोणाच्या तरी वाढदिवसाचा. आत्याचा फोन शेवटी ठेवला. घरचाच तर आहे. तिचा नंबर लावणार तोच आत बोलावलं.

पूल एकमताने मंजूर झाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी माझा फोटो काढला.

आत्या सकाळी न्हाणीघरात पडली होती. प्लायवूडची कड तुटून पाय आत गेला आणि खुब्याचं हाड मोडलं. फोन तिच्या खिशात होता म्हणून ती लावू शकली. मला तीनदा. रुग्णवाहिकेला का नाही लावला, असं मी नंतर विचारलं. ती म्हणाली, "मला वाटलं तू येशीलच." दुपारी टपालवाल्या बाईला आतून हाक ऐकू आली, तेव्हा मदत आली.

ऑपरेशन झालं. पण त्या घरात परत जाणं शक्य नव्हतं. माझ्या घराला पायऱ्या, आणि मी दिवसभर बाहेर. तिला वृद्धांच्या केंद्रात ठेवावं लागलं. मी तिला तिथे सोडलं त्या दिवशी तिने फक्त एवढंच विचारलं, "कुत्र्याला कोण खायला घालणार?" मी म्हटलं, मी. तिचा कुत्रा मी घरी आणला. मला कुत्र्यांची भीती वाटते, तरी आणला. तो पहिले दोन महिने दाराशी तोंड करून बसायचा.

त्यानंतर वर्षभराने निवडणूक आली. सामुदायिक सभागृहात उमेदवारांची सभा होती. मी पुलाबद्दल बोलले, दवाखान्याबद्दल बोलले. मग मागच्या रांगेतला एक माणूस उभा राहिला. आवाज चढवला नाही त्याने. म्हणाला, "हिला स्वतःच्या आत्याला घर देता आलं नाही. आम्हाला काय देणार?"

मला नियम सांगता आले असते. कौन्सिलर घरं देत नाही, ते गुण, ती यादी. मी ते सहा वर्षं सांगत आले होते. पण पुढच्या रांगेत आत्याच्या शाळेतल्या दोन बायका बसल्या होत्या आणि त्या माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "चूक माझी आहे." आणि खाली बसले.

थोड्या मतांनी हरले. पहिल्या आठवड्यात सांत्वनाचे फोन आले, दुसऱ्या आठवड्यात थोडे कमी. महिन्याभरात फोन असा शांत झाला की बिघडला असेल म्हणून मी दुकानात दाखवायला नेला. तिथल्या पोराने तो उलटसुलट केला आणि म्हणाला, "मॅम, इट्स फाइन." ज्या फोनला मी सहा वर्षं शिव्या दिल्या, तो आता जेवताना ताटाशेजारी ठेवून बसायची. डेलकाका माझ्या शेवटच्या वर्षातच गेले होते. नाहीतर मीच त्यांच्याकडे गेले असते, फाटकाची चौकशी करायला.

मग एका सकाळी आत्याच्या बंद घरी गेले आणि ओट्याच्या खणातून अर्ज काढला. केंद्रात तिने त्यावर सही केली. मी घरबांधणीच्या ऑफिसात गेले. दारातल्या मुलीने नमस्कार केला, "ओसियो, कौन्सिलर! तुम्ही थेट आत जा ना." मी म्हटलं, "आता कौन्सिलर नाही." नंबरची चिठ्ठी घेतली आणि बसले. शेजारी एक बाई गुडघ्याच्या दुखण्याबद्दल सांगत होत्या. पाऊण तासाने माझा नंबर आला.

सव्वा वर्षाने पत्र आलं. घर मंजूर.

मी पत्र घेऊन केंद्रात धावत गेले म्हटलं तरी चालेल. आत्या खिडकीशी व्हीलचेअरवर होती. तिच्याबरोबर आणखी दोघीजणी, आयव्ही आणि बेस, दोघीही ऐंशीच्या पुढच्या. तिघी चेरोकीत बोलत होत्या. मी बोलणं थांबायची वाट पाहिली, मग आत्याला बाजूला नेऊन पत्र वाचून दाखवलं. उतार असेल, दांडे असतील, मोठी खिडकी असेल, मी तुझ्याबरोबर राहायला येईन, कुत्राही असेल.

तिने पत्र हातात घेतलं, दोन्ही बाजूंनी पाहिलं. म्हणाली, "छान आहे. पुढच्याला देऊन टाक."

मला वाटलं तिला कळलं नाही. मी पुन्हा सांगायला लागले. तिने हात वर करून थांबवलं.

"तिथे मी कोणाशी बोलू?"

"माझ्याशी."

"तुला चेरोकी येत नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात मी चाळीस वर्षं इंग्रजी बोलले. तुझा बाप गेल्यावर घरात बोलायला कोणी उरलंच नाही. इथे या दोघी आहेत. सकाळी उठलं की बोलायला माणूस आहे." मग म्हणाली, "आणि तुला मीटिंगा असतात."

"आता नाहीत, आत्या."

"हो का," ती म्हणाली. "लागतील तुला कुठेतरी."

तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. तो नियम, तो एक पानाचा फॉर्म, माझ्या बॅगेत पडून राहिलेला. तू तेव्हाच अर्ज करू शकली असतीस. मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही.

"मला माहीत होतं," आत्या म्हणाली.

"काय?"

"घरबांधणीच्या ऑफिसात दारात बसते ना, ती मुलगी लहानपणी माझ्या हातचं जेवलेली आहे. तिने मला पहिल्याच वर्षी सांगितलं होतं. म्हणाली, मिस ओपल, तुम्ही अर्ज करा, काही अडत नाही."

"मग का नाही केलास?"

"तू थांब म्हणालीस."

ती माझ्या हातावर हात ठेवून बाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "एकोणिसाव्या वर्षी आलीस तेव्हापासून तू माझ्याकडे काहीच मागितलं नाहीस. पैसे नाहीत, गाडी नाही, लग्न मोडलं तेव्हा झोपायला जागासुद्धा नाही. एवढं एकच मागितलंस."

नाव मागे घेण्याचा फॉर्म मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात दिला. त्यात कारणाचा रकाना असतो. आत्याने सांगितलं होतं, लिही, 'आता गरज नाही.' मी तेच लिहिलं. दारातल्या मुलीने ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि शिक्का मारला. यादीतलं पुढचं नाव कोणाचं आहे हे मी विचारलं नाही. ते विचारायचा मला आता अधिकार नाही, आणि पूर्वीही नव्हता.

हल्ली मी बुधवारी आणि रविवारी आत्याकडे जाते. पिवळा बटाटा करून नेते, चौघींना पुरेल इतका. कौन्सिलवर असताना भाषेच्या वर्गांसाठीच्या प्रत्येक ठरावाला मी हात वर केला होता, भाषणंही केली होती. वर्गात मात्र एकदाही बसले नाही, वेळच नव्हता. आता मंगळवारी संध्याकाळी जाते. शिक्षक माझ्या निम्म्या वयाचा आहे. मला नमस्कार, पाणी, कुत्रा आणि आकडे येतात. तिघी बोलतात त्यातला दहातला एखादा शब्द ओळखीचा वाटतो, तोवर त्या पुढे गेलेल्या असतात.

गेल्या रविवारी बेस काहीतरी म्हणाली आणि तिघी इतक्या हसल्या की आत्याला ठसका लागला. मी पाणी दिलं. विचारलं, "काय झालं? मला पण सांगा ना."

आत्याने डोळे पुसले. म्हणाली, "इंग्रजीत त्यात काही मजा नाही."

मग तिने आपली चाकाची खुर्ची थोडी सरकवली आणि माझ्यासाठी मध्ये जागा केली. मी बसले. त्या पुन्हा बोलायला लागल्या, पुन्हा हसल्या. मीही हसले, जरा उशिरा.